बूट आत, सारंग बाहेर

दयारामशेठला विमानातल्या एका पोरीने अडवलं आणि त्याची शिक्षा रेवसच्या लाँचीला झाली.

त्या पावसाळ्याच्या तोंडाला शेठ कुणाच्या तरी लग्नाला सांताक्रूझहून विमानाने राजकोटला गेले होते. विमान ढगात शिरलं, खडखडायला लागलं, तेव्हा शेठ उठले आणि चालवणाऱ्याला 'जरा सांभाळून घे' असं सांगायला पुढे निघाले. पुढच्या दारापाशी निळ्या साडीतली एक पोरगी उभी होती. ती हसून म्हणाली, "आत जायला बंदी आहे."

"मी कोण आहे माहीत आहे?" शेठनी विचारलं.

"नाही. बसा," ती तसंच हसत म्हणाली.

आणि शेठ बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी 'नाही' म्हटलं होतं आणि तेही हसून. दुसऱ्या कुणाला राग आला असता. शेठना कल्पना आली. माणसाचं असंच असतं, ज्या गोष्टीने आपला अपमान होतो तीच गोष्ट दुसऱ्यांना लावायला त्याला फार आवडते.

"काय बंदोबस्त!" परत आल्यावर पेढीवर येईल त्याला ते सांगत सुटले. "वळख नाय चालत, पैसा नाय चालत. दार म्हंजे दार! आपल्या लाँचीला अस्साच बंदोबस्त पायजे."

लाँचीला बंदोबस्त हवा होता हे खोटं नव्हतं. रेवसहून मुंबईला भाऊच्या धक्क्याला जाणारी ती लाँच अंबाजी चालवायचा, तो तिचा सारंग, आणि त्याच्या सुकाणूच्या केबिनला दारच नव्हतं. कोण पान मागायला येई, कोण काडी मागायला, कोण नुसतं 'अजून किती येळ' विचारायला. गेल्या हंगामाच्या शेवटी दत्तात्रेयराव आले. दत्तात्रेयराव म्हणजे तात्यासाहेबांचे जावई, आणि तात्यासाहेब म्हणजे अलिबागचे ते पुढारी, ज्यांच्या एका शब्दावर लाँचीचा परवाना दरसाल नवा होई. राज्यात दारूबंदी होती, त्यामुळे दत्तात्रेयराव प्यालेले नव्हते. कायद्याने ते शक्यच नव्हतं. त्यांना फक्त उभं राहता येत नव्हतं, आणि आधाराला म्हणून त्यांनी जे धरलं ते सुकाणू होतं. लाँच धक्क्यावर आदळली. कोळणींच्या मासळीच्या पाट्या पाण्यात गेल्या. शेठच्या कंपनीने चौकशी करून दोष शोधून काढला. दोष अंबाजीचा होता, त्याने जावयांना आत येऊ दिलं.

"पुन्हा केबिनमधी कोण शिरला," शेठ म्हणाले होते, "तर तू घरी. समजला?"

अंबाजीला समजलं होतं. बापाचा मचवा वादळात फुटल्यापासून त्याच्या हातात ते सुकाणू सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. ते गेलं तर बायकोच्या पाट्या उचलायच्या, एवढंच.

"तुजे हातान सुकानू हाय का नाक्यावरचा नल?" त्याची बायको सगुणा विचारायची. ती रोज त्याच लाँचीने मासळी घेऊन मुंबईला जाई. "येल तो फिरवतंय. आरवाचा ना त्याला!"

"त्या जावयाला आरवला आसता तर आरवला म्हनून घरी धारला आसता," अंबाजी म्हणायचा. "न्हाय आरवला तर शिरला म्हनून घरी. तूच सांग, कंच्या दारान घरी येऊ?"

म्हणून दार बसणार हे ऐकल्यावर सगळ्यांत जास्त आनंद अंबाजीलाच झाला. बिचारा!

दार बसलं. जाडजूड, आतून पितळी कडीचं. शेठनी लाकूड ओलंच घेतलं होतं, ओलं स्वस्त पडतं. खिडक्यांना लोखंडी गज बसले. दाराबाहेर पहाऱ्याला विठोबा हवालदार नेमला गेला. हा पोलिसातून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा गडी. त्याने आयुष्यभर चोर पाहिले होते, पण दर्या पाहिला नव्हता. अंबाजीला सोनेरी पट्टीची टोपी आणि काळे बूट मिळाले. मग शेठनी विठोबाला विमानातलं तत्त्वज्ञान शिकवलं.

"तोंड बघायचं नाय. तोंड बघितलं का वळख निघते, वळख निघाली का वशिला निघतो. टोपी बघ, बूट बघ. टोपी-बूट असेल तो सारंग, तो आत. नसेल तो उतारू. काय समजला?"

"समजलो. आन् टोपी-बूट घालून दुसराच कोन आला तर?"

"दुसरा कसा येईल? टोपी-बूट एकच हाय!"

या बुद्धिमत्तेपुढे विठोबाने टाच आपटून सलाम ठोकला.

पहिली अडचण बुटांचीच आली. "शेट," अंबाजी हात जोडून म्हणाला, "टोपी घालतू. पन बूट घालून सुकानवाला हात न्हाय लावाचा मी. आमचे सात पिढ्यांशी कोनी लावला न्हाय. त्याला पाया परूनशी आमी हात लावताव."

"विमानमधी पायलट बूट घालते."

"त्याचे खाली दर्या नसंल, शेट."

शेवटी तोड निघाली. अंबाजीने दारापर्यंत बूट घालून यायचं, विठोबाला बूट दाखवायचे, उंबऱ्याशी काढायचे, टोपीही वर ठेवायची आणि अनवाणी आत जायचं. बाहेर येताना पुन्हा घालायचे. सरकारी कचेरीत अशा गोष्टीला 'नियमात बसवणं' म्हणतात.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम उघडला. पहिल्या फेरीला तात्यासाहेब स्वतः आले. त्यांनी केबिनच्या दाराला बांधलेली फीत कापली आणि शिस्तीवर भाषण केलं. स्वातंत्र्य मिळालं पण प्रजेला शिस्त नाही, ज्याने त्याने आपापल्या जागी बसावं, असं ते दीड भरतीभर बोलले. त्यांची जागा पहिल्या बाकावर होती, गादी टाकलेली. शेजारी शेठ. मागे जावई. दत्तात्रेयरावांना सकाळपासून खोकला होता आणि ते खिशातल्या बाटलीतून वारंवार औषध घेत होते. कोळणी पाट्यांसकट मागे, इंजिनाच्या धुरात. शिस्त होती.

लाँच खाडीच्या तोंडाशी आली. इथे हंगामाच्या पहिल्या फेरीला सारंगाने स्वतः नाळेवर जाऊन दर्याला नारळ द्यायचा, ही रीत. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तेवढा वेळ सुकाणू भागोजी खलाशी धरत असे. पण भागोजीकडे टोपी-बूट नव्हते.

"येऊ का आत?" त्याने खिडकीतून विचारलं.

"नको रं बाबा. तू शिरलास म्हनून मी घरी जायन," अंबाजी म्हणाला. त्याने इंजिन हळू करायला लावलं, सुकाणू दोरीने बांधलं आणि नारळ घेऊन बाहेर आला. दर्याला नारळ अनवाणी पायाने आणि उघड्या डोक्याने द्यायचा असतो. बूट आणि टोपी उंबऱ्याशीच राहिले.

बाहेर विठोबा बसला होता. उभं राहणं त्याने केव्हाच सोडलं होतं. पहिल्या लाटेबरोबर त्याच्या पोटातली भाकरी साताऱ्याला परत निघाली होती. गुडघ्यात मान घालून तो फळ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढून जे काही जाई ते गुडघ्याखालचंच.

दत्तात्रेयरावांना नेमका याच वेळी वारा खावासा वाटला. ते डुलत पुढे आले. उंबऱ्याशी चकचकीत बूट दिसले, वर सोनेरी पट्टीची टोपी. आता खरं सांगा, समोर सोनेरी पट्टीची टोपी पडलेली दिसली आणि डोक्यावर घातली नाही असा पुढाऱ्याचा जावई या देशात कुठे आहे? त्यांनी टोपी घातली. बूट घातले. विठोबाच्या डोळ्यांपुढून काळे बूट आत गेले. त्याने बसल्या जागी सलाम ठोकला. आत भिंतीवर पाटी होती, 'आत येताच कडी लावावी.' दत्तात्रेयरावांनी लावली.

अंबाजी नारळ वाहून परत आला, तो दार बंद.

"हवालदार, दार कोनी लावला?"

"सारंगानं," विठोबा मान वर न करता म्हणाला.

"मी सारंग!"

"बूट दाव."

"बूट हितंच ठेवलंवते. कुठं हायेत?"

"आत. सारंगाच्या पायात."

"आरं मग मी कोन?"

"ते मला काय ठावं? बिनबुटाचा म्हंजे उतारू. जाऊन बस जागंवर."

"जरा वर बग, माज्या तोंडाकरं बग!"

"तोंड बघायचा हुकूम न्हाई," विठोबा म्हणाला आणि पुन्हा कडेला जाऊन ओकला.

आत दत्तात्रेयरावांनी सुकाणूची दोरी सोडली होती. लाँच वळली. मग दुसरीकडे वळली. मासळीच्या जाळ्यांचे खुंटे समोर दिसायला लागले तशी बाकांवर ओरड झाली. अंबाजीने दारावर लाथा घातल्या, खांदा दिला. दार हललं नाही. विमानासारखंच होतं ते. त्याने भागोजीला इंजिनाकडे पिटाळलं आणि स्वतः खिडकीच्या गजांना लोंबकळला. आत जावईबापूंची झिंग उतरली होती. ते कडी ओढत होते आणि कडी निघत नव्हती. ओलं लाकूड फुगलं होतं.

"मला बाहेर काढा!" दत्तात्रेयराव रडकुंडीला आले.

"कडी सोरा! सुकानू धरा! खुंटं आलं!" अंबाजी ओरडला आणि घाईत त्याच्या तोंडून खलाशांची बोली गेली. "जमना! जमना!"

आता जुन्या खलाशांत उजवीकडे वळव असं सांगायचं तर 'जमना' म्हणतात, आणि डावीकडे तर 'डावा'. हे दर्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दत्तात्रेयरावांना ठाऊक असलेली जमना वेगळी होती. ती उरणला राहत होती, आणि तात्यासाहेब सोडून साऱ्या तालुक्याला माहीत होती.

दत्तात्रेयराव गारठले. गजांपाशी तोंड आणून दबक्या आवाजात म्हणाले, "तिचं नाव कशाला काढतोस? सासरे बसलेत ना बाहेर!"

"जमना! आवं, जमना करा!"

"केली, ती चूक झाली! आता सोडली तिला!"

"सोरू नका! धरा! जमना, आजून जमना!"

मागे कोळणींनी पदर तोंडात कोंबले. सगुणाने तर पाटीवरच बसकण मारली. "आगो बाय," ती म्हणाली, "ह्यो बाबा आज बुरवताना कबूल करूनशी बुरवनार!"

पहिल्या बाकावर तात्यासाहेब शेठकडे वळले. "ही जमना कोण?"

शेठनी आयुष्यात प्रथमच समुद्राकडे निरखून पाहिलं.

अखेरीस अंबाजीने गजांतून हात घालून उजवी दिशा दाखवली, दत्तात्रेयरावांनी डोळे मिटून सुकाणू तिकडे फिरवलं, लाँच खुंट्यांना घासून गेली. मग मुंबईपर्यंत तसंच. बाहेरून अंबाजी बोंबलतो आहे, आतून जावई रडत फिरवताहेत. धक्क्याला लागल्यावर सुताराला बोलावून दार तोडावं लागलं. दार तुटलं आणि टोपी-बुटातले दत्तात्रेयराव बाहेर आले. धक्क्यावरच्या लोकांना एवढंच दिसलं की पुढाऱ्याच्या जावयाने स्वतः लाँच आणली. तात्यासाहेबांसाठी आणलेला हार होताच. कुणीतरी तो जावयाच्याच गळ्यात घातला. अंबाजी तेव्हा पायातली फळीची कुसळं काढत बसला होता.

चौकशी शेठच्या पेढीवर झाली. आदल्या संध्याकाळी सगुणाने नवऱ्याला बजावलं, "सरल सांग, जमना उरनची हाय म्हनून. तुजी नौकरी ऱ्हातंय का न्हाय त्या देवाला ठावं, पन त्या जावयाचा मुरदा तरी पराचा."

"मी बोल्लो त्ये सुकानवाचा बोल्लो," अंबाजी म्हणाला. "खरा सांगन. खऱ्याला कोन काय करंल?"

असली वाक्यं बोलणाऱ्या माणसांची या देशात गणती नाही. त्यांतलं कुणी वर चढल्याचं मात्र ऐकिवात नाही.

पेढीवर तात्यासाहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला. "अंबाजी, आधी मला सांग, ती जमना कोण?"

दत्तात्रेयरावांच्या कपाळावर घाम आला. अंबाजी म्हणाला, "तात्यासाहेब, जमना म्हंजे उजवी बाजू. आमचे खलाशांची बोली हाय."

"चाळीस वर्षं या किनाऱ्यावर सभा घेतोय मी. उजव्या बाजूला जमना म्हणतात हे कधी ऐकलं नाही!"

"म्हणतात, तात्या, म्हणतात!" दत्तात्रेयराव खुर्चीतून उसळले. बुडत्याला काडी सापडली होती. "आम्हां दर्यावर्दी लोकांत उजवीला जमनाच म्हणतात. तो जमना म्हणाला, मी लगेच जमना केली!"

"म्हणजे तुम्हाला यातलं कळतं?"

"अभ्यास आहे माझा. कधी बोललो नाही, इतकंच."

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला आणि तिथे अभिमान आला. "म्हणजे लाँच तुम्ही शास्त्राने आणलीत!"

"नाहीतर पोचलो असतो का?"

मग विठोबाची साक्ष झाली. पोलिसातला माणूस. जे पाहिलं तेवढंच बोलला. "टोपी-बूट आत गेलं. मी सलाम दिला. मागनं एक बिनटोपीचा, बिनबुटाचा उतारू आला. मी सारंग, मी सारंग म्हनून त्यानं दंगा मांडला. दारावर लाथा घातल्या. खिडकीला लोंबकाळला. मुंबईपतुर आरडत व्हता."

"तो उतारू कोण?" शेठनी विचारलं.

विठोबाने मान वर केली, पहिल्यांदा अंबाजीचं तोंड नीट पाहिलं आणि म्हणाला, "ह्योच."

शेठनी तात्यासाहेबांकडे पाहिलं, परवाना आठवला आणि न्याय केला. सारंग जागा सोडून गेला. लाँच जावईबापूंनी वाचवली. आणि विमानासारख्या बंदोबस्तात दंगा करणारा पहिला उतारू सापडला तो अंबाजी. तेव्हा दत्तात्रेयरावांकडे लाँच द्यावी, आणि अंबाजीला गरिबीकडे बघून उतारू म्हणून चढू द्यावं, पण एका अटीवर. लाँचीवर त्याने तोंडातून आवाज काढायचा नाही. काढला तर तिथेच उतरवायचं.

"शेट, सुकानू..." अंबाजी म्हणाला.

"आवाज!" शेठ म्हणाले.

दत्तात्रेयरावांना आधी धडकी भरली होती. पण चार दिवस जो तो 'कॅप्टनसाहेब' म्हणायला लागला. हार एकदा गळ्यात पडला की माणसाला आपण खरंच पोहत आलो असं वाटायला लागतं. नवं दार बसलं, पहिल्याहून जाड. टोपी, बूट आणि कॅप्टन आत गेले. कडी लागली. भागोजीला आत घ्यायची सोय नव्हती, बंदोबस्त!

अंबाजी मागे इंजिनाच्या धुरात बसला होता, बायकोच्या पाट्यांजवळ, तिकीट कमरेला खोवून. त्याचे हात मांडीवर होते आणि सुकाणू धरल्यासारखे वळलेले होते. ओहोटी लागलेली. लाँच सरळ निघाली, आणि सरळच जात राहिली. जिथे वळायचं होतं तिथेही सरळच गेली. पुढे खाडीपलीकडच्या करंजा गावाच्या बाजूचा चिखल पाण्याखालून काळा दिसायला लागला.

"आरं," सगुणाने त्याला कोपराने ढोसलं, "बोल ना!"

अंबाजीने तोंडावर बोट ठेवलं.

"आरं, चिखलान जातंय ती!"

अंबाजीने विठोबाकडे बोट दाखवलं. केबिनमधून हाका यायला लागल्या, "अंबाजी! अरे अंबाजी! कुठे वळवू?" विठोबाने जागेवरून दरडावलं, "सारंगाशी कुनी बोलायचं न्हाई!" त्याच्या दृष्टीने सारंग आत होता, आणि आतला माणूस अंबाजीला हाका मारत होता, हे काही त्याच्या हुकमात बसेना. तेवढ्यात बुडाखाली मऊ, लांबलचक असा एक आवाज झाला आणि लाँच थांबली. इंजिन ओरडत राहिलं, लाँच काही जागची हलेना. आतून कॅप्टनसाहेब कडी ओढत होते. ओलं लाकूड याही खेपेला स्वस्तच मिळालं होतं.

अंबाजी हसला. चार दिवसांत पहिल्यांदा हसला, हाताची घडी घातली आणि बसून राहिला. चुकलं कुणाचं, बघू दे आता सगळ्यांना, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

पण बघायला वेळ कुणाला होता? ऊन चढलं. पाट्यांतलं बर्फ वितळून फळ्यांवरून वाहायला लागलं. बोंबलाला वास सुटला. कोळणी आधी कॅप्टनला शिव्या देत होत्या, मग शेठला, मग नशिबाला. शेवटी सगळ्यांचे डोळे अंबाजीवर आले. जो हाताशी असतो त्यालाच शिवी लागते.

"हसतंस काय?" सगुणा कडाडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याचा काय गेला? त्यो आत सावलीन हाय. शेट पेरीवर हाय. ह्यो माल कोनाचा कुजतंय?"

अंबाजीचं हसू विझलं. "मी काय करू?" तो पुटपुटला. "मना आवाज काराचा न्हाय. मी सारंग हाय का आता? मी उतारू हाय."

"उतारू हायेस ना?" सगुणा म्हणाली. "मंग उतर!"

अंबाजी उठला, धोतर खोचलं आणि मांडीभर चिखलात उतरला. त्याच्यामागे भागोजी उतरला, मग आणखी चारसहा गडी. नाळेला त्यांनी खांदे लावले. लाँच अगदी तसूभर हलली.

वरून विठोबाने वाकून पाहिलं. इथून त्याला गुडघे दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते, दिसत होती नुसती तोंडं. त्याने अंबाजीचं तोंड ओळखलं.

"ए उतारू," तो म्हणाला, "आवाज न करता ढकल."